नागमोडी बोट : हिप्परगा तलावावरच्या एका ऑटोपायलटचे प्रकरण

तुळजापूर रस्त्यालगतचा हिप्परगा तलाव, कागदोपत्री एकरुख तलाव, १८७१ साली अदिला नदीवर बांध घालून पुरा झाला. दीडशेहून अधिक वर्षांत तळाशी गाळ साचत गेला. तो कुठे किती साचला आहे हे कळायचे तर पाण्याची खोली जागोजाग मोजावी लागते. सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी हे काम प्रकल्प म्हणून घेतले. माणसाशिवाय चालणारी छोटी बोट, तिच्या पोटाशी ध्वनीने खोली मोजणारे यंत्र, आणि ताण्याच्या धाग्यांसारख्या समांतर, वीस वीस मीटरवर आखलेल्या रेषा. ऑटोपायलटने त्या रेषांवरून बोट न्यायची आणि खोलीच्या नोंदी घेत परत आणायची.

बोट तरंगली, चालली, खोलीही मोजू लागली. पण रेषा धरेना. नकाशावर तिचा माग सापासारखा उमटत होता. उत्तरेकडे जाताना जरा बरा, दक्षिणेकडे येताना फारच वाईट. एका रेषेवरच्या नोंदी शेजारच्या रेषेजवळ जाऊन पडत होत्या. असे झाले की गाळाचा नकाशा विश्वासाचा राहत नाही. संघाच्या तक्रारवहीत एकच वाक्य होते : ‘बोट दिशा धरत नाही.’

मी काही वर्षे मुंबईत ससून डॉकच्या परिसरात मासेमारी बोटींवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवण्याचे काम केले, म्हणून प्रकल्पाच्या मॅडमनी मला बघायला बोलावले. खाली लिहिले आहे ते त्या तपासाचे टिपण. ऑटोपायलटच्या कामातले शब्द समुद्रावरून आलेले आहेत, आणि इथे तलावाच्या काठावर त्यातल्या प्रत्येक शब्दामागची मोजता येणारी गोष्ट वेगळी काढल्याशिवाय दोष सापडणार नव्हता. त्यामुळे शब्द आणि दुरुस्ती अशा दोन्ही गोष्टी या टिपणात एकत्र येतील.

बोट फायबरची, माणसाच्या उंचीहून थोडी लहान. मागे एक विद्युत मोटर आणि पंखा, त्यामागे सुकाणू. सुकाणू फिरवायला सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी मोटर. झाकणाखाली बॅटरी आणि नियंत्रक, त्यात खुल्या स्रोताची आज्ञावली. जीपीएसचा अँटेना वर, आणि कंपास झाकणाखालीच, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. कंपासची ही जागा मला बघताक्षणी खटकली. तरी आधी नोंदी वाचायच्या असे ठरवले, कारण जे डोळ्याला खटकते तोच दोष असतो असे नाही.

संघाच्या वहीत ‘दिशा’ नावाचा एकच रकाना होता आणि त्यात कधी हेडिंग, कधी कोर्स, कधी बेअरिंग असे आकडे भरलेले होते. या तीन राशी वेगवेगळ्या आहेत. हेडिंग म्हणजे बोटीचे नाक कुठे आहे. ते कंपास सांगतो. कोर्स ओव्हर ग्राउंड म्हणजे बोट जमिनीच्या हिशेबाने प्रत्यक्षात कुठे सरकते आहे. ते जीपीएस सांगतो, आणि बोट जवळजवळ थांबली की हा आकडा वाटेल तसा भरकटतो. बेअरिंग म्हणजे आत्ताच्या जागेपासून पुढचा वेपॉइंट, म्हणजे मार्गावर आखलेला पुढचा बिंदू, कोणत्या अंशावर आहे. ते कोणी मोजत नाही, नियंत्रक गणिताने काढतो. वारा नसेल, पाणी स्थिर असेल आणि बोट रेषेवर असेल, तर हे तिन्ही आकडे एकच येतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी वारा नसण्याचा प्रश्नच नाही. तो पश्चिमेकडून येतो आणि हलकी बोट आडवी ढकलतो. या आडव्या सरकण्याला लीवे म्हणतात. रेषा धरायची असेल तर बोटीने नाक वाऱ्याकडे थोडे वळवून तिरके चालले पाहिजे.

काठावर जाळे सोडवत बसलेले एक काका आमचा गोंधळ बघत होते. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून या पाण्यात त्यांनी आयुष्य काढलेले. ते म्हणाले, “तोंड सरळच हाय की ओ सर, बोट आडवी सरकायलीय.” हेडिंग आणि कोर्स यांतला फरक इतक्या नेमकेपणाने मी कुठल्या पुस्तिकेत वाचलेला नाही.

आधी काय घडले होते ते आता नोंदींतून उलगडले. पहिल्या चाचणीत बोट दुपारी उत्तरेकडे गेली. जीपीएसचा कोर्स ०००, म्हणजेच ३६०, आणि कंपासचे हेडिंग ३५२. मुलांनी ठरवले की कंपास आठ अंश कमी दाखवतो, आणि सेटिंगमध्ये आठ अंश वाढवून टाकले. उत्तरेकडे दोन्ही आकडे जुळले, सगळे खूश. बोट वळून दक्षिणेकडे निघाली तेव्हा कोर्स १८० आणि हेडिंग १९६! फरक सोळा अंशांचा. “सर, कंपास येडा झालाय,” असे एकाने मला सांगितले ते यावरून.

कंपास येडा झाला नव्हता. पश्चिमेचा वारा असताना बोटीचे नाक दोन्ही फेऱ्यांत पश्चिमेकडेच झुकणार. उत्तरेकडे जाताना पश्चिम डाव्या हाताला, म्हणून हेडिंग कोर्सपेक्षा कमी; दक्षिणेकडे येताना पश्चिम उजव्या हाताला, म्हणून हेडिंग जास्त. लीवेमुळे येणाऱ्या फरकाचे चिन्ह फेरीगणिक उलटते. कंपास वाकडा बसला असेल किंवा कोणी आकडा मिळवला असेल, तर तो फरक दोन्ही फेऱ्यांत एकाच चिन्हाने येतो. म्हणून एकाच रेषेवर जाऊन-येऊन हेडिंगमधून कोर्स वजा करायचा. उत्तरेकडे शून्य, दक्षिणेकडे सोळा. दोहोंची सरासरी आठ, हा स्थिर भाग, म्हणजे मुलांनीच मिळवलेला आकडा. दोहोंतल्या फरकाचा निम्मा, तोही आठ, हा उलटणारा भाग. तो सगळा लीवे आहे असे इथे कोणालाही वाटेल.

इथे मात्र घाई करून चालत नाही. कंपासचा आणखी एक दोष असाच वागतो. बोटीवरचे लोखंड, चुंबक किंवा तारांतला प्रवाह यांमुळे कंपासच्या वाचनात जी चूक येते तिला डेव्हिएशन म्हणतात. बोटीबरोबर फिरणाऱ्या कायम चुंबकीय क्षेत्राचे डेव्हिएशन बोटीच्या हेडिंगप्रमाणे बदलते, आणि अगदी उलट दिशेला वळल्यावर तेही चिन्ह बदलते. म्हणजे जाऊन-येऊन केलेल्या चाचणीत लीवे आणि डेव्हिएशन एकमेकांत मिसळलेले राहतात. व्हेरिएशन हा तिसरा शब्द : भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक. जगात काही ठिकाणी तो दहा-वीस अंशांचा असतो, पण सोलापूर परिसरात जेमतेम अंशभराच्या आत आहे. या प्रकरणापुरता तो बाजूला ठेवता आला.

लीवे आणि डेव्हिएशन वेगळे करायला वारा काढून टाकायचा. उजाडता उजाडता, पाण्यावर लहरही नसताना, तीच रेषा तितक्याच वेगाने पुन्हा केली. फरक आला उत्तरेकडे पाच, दक्षिणेकडे अकरा. सरासरी पुन्हा आठ. ती अपेक्षितच होती. उलटणारा भाग आता तीन. वाराच नव्हता, तेव्हा हे तीन अंश लीवेचे नाहीत. दुपारच्या आठमधले पाच वाऱ्याचे, तीन डेव्हिएशनचे.

त्या तीन अंशांचा उगम शोधायला बोट काठाशी पुढून आणि मागून दोराने घट्ट बांधली आणि मोटरचा वेग हळूहळू वाढवला. बोट जागची हलत नाही, पण पडद्यावरचे हेडिंग सरकत जाते. मोटर बंद केली की पुन्हा जागेवर. याहून स्पष्ट पुरावा लागत नाही. बॅटरीपासून मोटरकडे जाणारी तार एका कडेने आणि परतीची तार दुसऱ्या कडेने नेलेली होती, आणि एक तार कंपासच्या फार जवळून जात होती. सरळ तारेतून १० ॲम्पिअर वाहत असतील तर १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक, ज्याच्या भरवशावर कंपास चालतो, तो आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला. म्हणजे कंपासशेजारी जवळजवळ अर्ध्या पृथ्वीएवढा खोटा चुंबक उभा राहू शकत होता, आणि तोही मोटरच्या वेगाप्रमाणे लहानमोठा होणारा. मोटर बंद ठेवून कितीही वेळा कॅलिब्रेशन (कंपासच्या वाचनाची जुळणी) केले असते तरी तो सापडला नसता.

दुरुस्ती साधी होती. जाणारी-येणारी तार एकमेकींना पीळ देऊन एकत्र नेली, म्हणजे दोघींची क्षेत्रे एकमेकांना मारतात. कंपास झाकणाखालून काढून हातभर उंच ॲल्युमिनियमच्या नळीवर जीपीएसशेजारी नेला. मिळवलेले आठ अंश काढून टाकले. मग नव्याने कॅलिब्रेशन. बांधलेल्या बोटीची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा मोटर पूर्ण वेगात असतानाही हेडिंग जागेवर राहिले. पहाटेच्या जाऊन-येऊन फेऱ्याही जुळल्या.

आता दक्षिणेकडच्या फेऱ्या एवढ्या वाईट का होत्या तेही कळले. ऑटोपायलटमध्ये ऑटोट्रिम नावाचा भाग असतो. सतत एकाच बाजूला चूक राहत असेल तर तो सावकाश, साठवत साठवत सुकाणूला कायमचा थोडा कल देतो. वाऱ्यासारख्या टिकून राहणाऱ्या धक्क्यासाठी तो हवाच. पण कंपासमध्ये खोटे अंश असले की त्याला वाऱ्याबरोबर त्यांचीही भरपाई करावी लागते. इथे ती उत्तरेकडे शून्य आणि दक्षिणेकडे सोळा अंशांची होती, म्हणून दक्षिणेकडे वळल्यावर सगळी साठवण नव्याने भरावी लागे. तेवढ्या वेळात बोट मोठा बाक घेऊन रेषेवर येते. दक्षिणेच्या प्रत्येक रेषेचा सुरुवातीचा भाग याच कारणाने वाया जात होता.

मोठे बाक गेले, तरी लहान नागमोड राहिली. सारख्या उंचीची, सारख्या अंतराने येणारी. इथून पुढचे काम कंपासचे नव्हते, सुकाणूचे होते.

ऑटोपायलट सुकाणू किती फिरवायचे हे तीन गोष्टींवरून ठरवतो. हेडिंग हवे त्यापेक्षा आत्ता किती चुकले आहे. त्याच्या प्रमाणात सुकाणू देणे म्हणजे रडर गेन. बोट किती वेगाने वळते आहे. ती हव्या हेडिंगकडे जोरात येत असेल तर पोहोचण्याआधीच सुकाणू उलटे देऊन झोल रोखणे म्हणजे काउंटर रडर. आणि आजवर साठलेली चूक, म्हणजे वरचा ऑटोट्रिम. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२ साली याचे गणित मांडले आणि अमेरिकेच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. त्याची सुरुवात माणसाकडे बघण्यातून झाली होती : सुकाणू धरणारा खलाशी फक्त आत्ताची चूक बघत नाही, ती किती झपाट्याने बदलते आहे आणि आधी काय होत होते हेही ध्यानात घेतो. ससून डॉकच्या कुठल्याही मुरलेल्या तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याचा, हात बघा. नाक वळायला लागताच तो सुकाणू परत आणतो, नाक जागेवर येईपर्यंत थांबत नाही. आज कारखान्यांतल्या भट्ट्यांपासून ड्रोनपर्यंत सगळीकडे चालणाऱ्या, याच तीन गोष्टींवर आधारलेल्या पीआयडी नियंत्रणाच्या मुळाशी असलेल्या पहिल्या कामांत हे काम मोडते, आणि ते बोटीच्या सुकाणूपाशी झाले याचे मला आजही अप्रूप वाटते.

नागमोड बघून दोष ओळखायचा तर लाटेची लांबी बघावी. गेन फार असेल तर लाट आखूड आणि झटक्याची असते, सुकाणू सारखे या टोकाहून त्या टोकाला जाते. ऑटोट्रिम फार घाईचा असेल तर लाट लांबच लांब, आळसावलेली. काउंटर रडर कमी असेल तर वळणानंतर बोट हव्या हेडिंगच्या पलीकडे जाते, परत येते, पुन्हा पलीकडे जाते आणि मग स्थिरावते. इथली लाट स्थिरावतच नव्हती. मुलांनी गेन निम्मा केला होता. लाट लांबली, पण मेली नाही. काउंटर रडर वाढवला. सर्व्हो थरथरू लागला, लाट तशीच. सेटिंग बदलूनही जी लाट मरत नाही तिचे कारण बहुतेक वेळा यंत्राच्या सुट्या भागांत असते.

नोंदींत रडर कमांड (सुकाणूला दिलेला हुकूम) आणि रडर फीडबॅक (सुकाणू कुठे आहे याची परत आलेली नोंद) असे दोन आकडे होते आणि दोन्ही तंतोतंत जुळत होते. पण हा फीडबॅक सर्व्होच्या आतला. म्हणजे सर्व्होचा हात कुठे आहे ते कळते, पाण्यातले पाते कुठे आहे ते नाही. मोठ्या बोटींवर रडर फीडबॅकचा सेन्सर थेट सुकाणूच्या दांड्याला जोडतात तो याचसाठी. आम्ही सुकाणूच्या दांड्यावर कागदी कोनमापक चिकटवला, काटा लावला आणि सर्व्होला डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवले. हात फिरायला लागला तरी पाते जागचे हलेना. सहा अंश गेल्यावर ते हलले. लिंकेजमध्ये, म्हणजे सर्व्हो आणि सुकाणू यांच्यामधल्या जोडणीत, सहा अंशांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा! तार ज्या भोकात अडकवली होती ते भोक घासून लांबट झाले होते. ऑटोपायलट तीन अंश मागतो आणि पात्याला शून्य मिळते. मग तो आठ मागतो आणि पाते एकदम दुसऱ्या बाजूला जाऊन बसते. अशा जोडणीवर कुठलेही सेटिंग नीट बसणार नाही.

संघातल्या एकाने सुचवले की डेडबँड वाढवू. डेडबँड म्हणजे चूक एवढ्या अंशांच्या आत असेल तर सुकाणूला हातच लावायचा नाही. समुद्रात लांबच्या प्रवासाला ते शहाणपणाचे असते. बॅटरी वाचते, यंत्र कमी झिजते, आणि दोन अंश इकडेतिकडे झाल्याने कोणाचे बिघडत नाही. सर्वेक्षणाच्या बोटीला मात्र रेषेवर राहणे एवढेच काम आहे. प्ले झाकायला डेडबँड वाढवणे मला पटत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे एक टर्नर आहेत. त्यांनी लेथवर पितळी बुश काढून दिला आणि वाकलेल्या तारेच्या जागी दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असलेली सळई बसली. कोनमापकावरचा प्ले अर्ध्या अंशाच्या आत आला. गेन आणि काउंटर रडर मग एका सकाळीत जुळले.

जुळवताना वेगाचे भान ठेवावे लागते. सुकाणूवर पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला एक मीटर वेगाला बसवलेला गेन दोन मीटरला चौपट जोराचा ठरतो. म्हणून ज्या वेगाने खोली मोजायची त्याच वेगाने जुळणी केली. जीपीएसकडून येणारा वेग नॉटमध्ये असतो, एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, आणि सेकंदाला एक मीटर म्हणजे सुमारे १.९४ नॉट. वहीत हे दोन्ही आकडे एकाच रकान्यात होते. ते वेगळे केले.

क्रमही महत्त्वाचा. आधी फक्त हेडिंग धरण्याची पद्धत जुळवायची, रेषा विसरून. या पद्धतीत वाऱ्यावर बोट आडवी सरकत जाईल आणि तो दोष मानायचा नाही. नाक स्थिर राहते का एवढेच बघायचे. ते जमल्यावर मग रेषा धरण्याची पद्धत चालू करायची, जी क्रॉस ट्रॅक एररवर चालते. रेषेपासून काटकोनात मोजलेले अंतर म्हणजे क्रॉस ट्रॅक एरर. मुलांनी दोन्ही पद्धती एकदम चालू ठेवून दोन्हीचे आकडे आलटून पालटून बदलले होते, आणि कशाने काय झाले हे कोणालाच सांगता येत नव्हते.

क्रॉस ट्रॅक एररचा एक आकडा तर थक्क करणारा होता. लॅपटॉपवरचा नकाशा तो सागरी मैलांत, दशांशानंतर दोन आकड्यांपर्यंत दाखवत होता, आणि बहुतेक वेळ तिथे ०.०० असे दिसे. सागरी मैल १८५२ मीटरचा. त्याचा शंभरावा भाग म्हणजे १८.५ मीटर, जवळजवळ पुढच्या रेषेपर्यंतचे अंतर! खुल्या समुद्रात पुरेसे ठरणारे हे एकक या तलावात आंधळे होते. एकक मीटर केल्यावर नागमोड पहिल्यांदा आकड्यांत दिसली.

अरायव्हल सर्कल, म्हणजे वेपॉइंटभोवतीचे जे वर्तुळ शिवले की ऑटोपायलट ‘पोहोचलो’ म्हणून पुढच्या बिंदूकडे वळतो, ते दहा मीटरवरून तीनवर आणले. त्याहून लहान केले तर वाऱ्यात बोट बिंदू हुकते आणि त्याच्याभोवती घिरट्या घालते.

स्टँडबाय या शब्दाबाबत मी मुलांशी जरा कडक बोललो. स्टँडबाय म्हणजे ऑटोपायलट सुकाणू सोडतो आणि ते माणसाच्या हाती येते. ते बटण कुठे आहे हे संघातल्या प्रत्येकाला न बघता सांगता आले पाहिजे, फक्त बोट बनवणाऱ्याला नव्हे. रेडिओचा संपर्क तुटल्यावर बोट आपोआप निघाल्या जागी परतते ही सोय चांगली, पण ती सरळ रेषेत परतते, आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर त्या सरळ रेषेत बाभळीची खोडे आणि मासेमारांची जाळी असतात. म्हणून परतीची जागा मोकळ्या पाण्यात ठेवली आणि जाळी कुठे लावली आहेत ते रोज सकाळी काकांना विचारायचे ठरले.

आता वारा शांत असताना बोट रेषेच्या दोनेक मीटरच्या आत राहते. साध्या जीपीएसची स्वतःची अचूकताच तेवढी असते, तेव्हा त्याहून बारीक जुळणीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दुपारच्या वाऱ्यात ती तिरकी चालते, पण रेषेवर चालते. मुले आता तिरके नाक बघून कंपासला हात लावत नाहीत. वहीत हेडिंग, कोर्स आणि बेअरिंग असे तीन रकाने आहेत.

राहिलेले काम खोलीच्या नोंदींचे. वळणात बोट कलते, ध्वनीचा झोत तिरका जातो आणि खोली जास्त दिसते. त्यासाठी वळण्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे असेल किंवा क्रॉस ट्रॅक एरर तीन मीटरहून जास्त असेल तेव्हाच्या नोंदी गाळून टाकणारी छोटी आज्ञावली संघातल्या एका मुलीने लिहिली आहे. खोलीयंत्रात ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरलेला असतो. ३० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात तो सुमारे १५०९ असतो, म्हणून सकाळी पाण्याचे तापमान घेऊन तोही दुरुस्त केला जातो. जुन्या, नागमोडी फेऱ्यांच्या नोंदी नकाशातून काढल्या आहेत आणि त्या रेषा बांधाकडून सुरुवात करून पुन्हा घेतल्या जात आहेत.